कोयना धरण आणि डिजिटल ट्विन : व्याख्येचा वाद, संशोधनाचे प्रश्न

प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या एखाद्या विशिष्ट वस्तूचे किंवा व्यवस्थेचे असे संगणकीय प्रतिरूप, जे त्या वस्तूवर घेतलेल्या मोजमापांनुसार वेळोवेळी स्वतःला दुरुस्त करून घेते, तिच्या पुढील वर्तनाचा अंदाज वर्तवते आणि त्या अंदाजाच्या आधारे तिच्याविषयीचे निर्णय घेण्यास साहाय्य करते, त्याला डिजिटल ट्विन म्हणतात. ही व्याख्या वाचताना सोपी वाटते. पण वस्तू किती ‘विशिष्ट’ असावी, दुरुस्ती किती वेळाने व्हावी, अंदाजावर किती विसंबावे आणि निर्णय कोणी घ्यावा, यांपैकी एकाही मुद्द्यावर अभ्यासकांचे पूर्ण एकमत नाही, आणि या प्रत्येक मतभेदाच्या मुळाशी संशोधनाचा एखादा न सुटलेला प्रश्न आहे.

या कल्पनेचा उगम साधारणपणे मायकेल ग्रीव्ह्ज यांनी 2002 मध्ये मिशिगन विद्यापीठात केलेल्या मांडणीत शोधला जातो. एखाद्या उत्पादनाच्या आराखड्यापासून ते भंगारात जाईपर्यंतच्या संपूर्ण आयुष्याचे व्यवस्थापन कसे करावे, हा त्यांचा विषय होता, आणि त्यासाठी त्यांनी प्रत्यक्ष वस्तू, तिचे आभासी रूप आणि या दोहोंमध्ये दोन्ही दिशांनी वाहणारी माहिती अशी तीन अंगे कल्पिली होती. आजचे नाव तिला 2010 च्या सुमारास मिळाले आणि त्याचे श्रेय नासाचे जॉन व्हिकर्स यांना दिले जाते. त्यानंतर नासा आणि अमेरिकी हवाई दल यांच्या संशोधकांनी ही कल्पना विमानांना लावली, तेव्हा तिच्यातील सर्वांत मोलाची गोष्ट स्पष्ट झाली. एकाच आराखड्यावरून बांधलेली दोन विमानेही काही वर्षांनी सारखी राहत नाहीत, कारण प्रत्येकाने केलेली उड्डाणे, सोसलेले भार आणि अंगावर वागवलेल्या बारीक भेगा वेगळ्या असतात. म्हणून प्रतिरूप विमानाच्या जातीचे नको, ताफ्यातील एकेका विमानाचे हवे, असा तो विचार होता.

पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित असल्या, तरी त्यांच्या भूमिका या क्षेत्रातील वास्तव मतभेदांवर बेतलेल्या आहेत. त्यांपैकी एक आहेत धरणांच्या सुरक्षिततेचे काम केलेले स्थापत्य अभियंता, ज्यांना जुन्या होत चाललेल्या धरणांसाठी हे तंत्र लवकरात लवकर हाती यावे असे वाटते. दुसऱ्या आहेत उपयोजित गणिताच्या प्राध्यापिका, ज्यांच्या मते या तंत्राचा पाया अजून पुरेसा पक्का नाही आणि तो पक्का होण्याआधी त्याच्यावर निर्णयांचा भार टाकणे घातक आहे. चर्चेसाठी कोयना धरण निवडण्याचे कारण असे की, जगातील फार थोड्या धरणांच्या वर्तनाचे संगणकावर इतक्या वेळा आणि इतक्या ठिकाणी गणित झाले असेल. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, डिजिटल ट्विन कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये हे येथे विशेष स्पष्टपणे दिसते.

अभियंता : व्याख्येचा आग्रह कोठवर धरायचा, हे आधी ठरले पाहिजे, मॅडम. क्रिट्झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये केलेली वर्गवारी आता सर्वत्र उद्धृत केली जाते. तिच्यानुसार, ज्यात माहिती माणसाने हाताने भरावी लागते ते नुसते डिजिटल प्रतिरूप, ज्यात वस्तूकडून माहिती आपोआप येते पण उलट काही जात नाही ती डिजिटल छाया, आणि ज्यात माहिती दोन्ही दिशांनी आपोआप वाहते तोच ट्विन. कारखान्यातील यंत्राला ही कसोटी शोभते, कारण तेथे संगणकाने हुकूम सोडला की यंत्राचा वेग बदलतो. पण धरणाच्या पायात ग्राउटिंग करायचे, म्हणजे सिमेंटचे द्रावण दाबाने भरायचे, की नाही, निचऱ्याची छिद्रे केव्हा साफ करायची, सांडव्याचे दरवाजे किती उचलायचे, हे कोणताही संगणक परस्पर ठरवणार नाही आणि त्याने ठरवूही नये. ही कसोटी मानली तर कोणत्याही धरणाला ट्विन असूच शकत नाही. मग व्याख्या शुद्ध राहील, पण तिचा उपयोग कोणाला?

प्राध्यापिका : या एका मुद्द्यावर आपले म्हणणे मान्य करायला हरकत नाही, साहेब. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक अकादमींच्या समितीने डिसेंबर 2023 मध्ये या विषयाच्या संशोधनातील उणिवांवर जो अहवाल दिला, त्यातही प्रत्यक्ष वस्तू आणि आभासी रूप यांच्यातील दुहेरी देवाणघेवाण मध्यवर्ती मानली आहे. पण त्या देवाणघेवाणीच्या वाटेवर निर्णय घेणारा माणूस असण्याला त्यांची ना नाही. तेव्हा माहिती आपोआप वाहते की माणसाच्या हातून जाते, यावर अडून बसण्यात अर्थ नाही. अडून बसायचे ते दुसऱ्या गोष्टीवर. प्रतिरूप कोणत्या वस्तूचे आहे, ती वस्तू आज ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीचे ते आहे का, आणि ते किती चुकू शकते हे त्याला स्वतःला सांगता येते का, या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर ते कितीही सुंदर दिसले तरी ट्विन नव्हे. शहरांची त्रिमितीय चित्रे पडद्यावर फिरवून दाखवली जातात आणि त्यांना हे नाव दिले जाते, त्याला आक्षेप या कारणासाठी आहे.

अभियंता : कोयनेच्या बाबतीत तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे फार पूर्वीच मिळाली आहेत. बर्कलीचे अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रबर्ती यांनी 1970 च्या दशकाच्या आरंभीच या धरणाला भूकंपात झालेल्या नुकसानीचे विश्लेषण केले होते. आज काँक्रीटच्या धरणाला तडे कसे जातात हे मोजणारी नवी पद्धत कोणी काढली, की तो ती आधी कोयनेवर लावून पाहतो.

या विधानाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी 1967 च्या भूकंपाकडे थोडे जवळून पाहिले पाहिजे. सातारा जिल्ह्यातील 103 मीटर उंचीच्या या धरणात 1962 पासून पाणी साठू लागल्यावर परिसरात भूकंपाचे धक्के जाणवू लागले, आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे सुमारे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा आडवा जोर म्हणून धरणाच्या वजनाचा अवघा विसावा हिस्सा धरला होता. धरणाच्या पोटातील गॅलरीत बसवलेल्या उपकरणाने मात्र प्रवाहाच्या दिशेतील जमिनीचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या जवळपास निम्मे नोंदवले. धरण उभे राहिले. पण सांडव्याच्या बाजूंच्या अनेक उंच खंडांवर पुढून आणि मागून आडवे तडे गेले. ते तडे बव्हंशी अशा उंचीवर होते, जेथे धरणाच्या मागील बाजूचा उतार एकाएकी बदलतो, म्हणजे पायापासून साधारण 66 मीटरवर. धरणातच बसवलेल्या उपकरणावरची इतक्या मोठ्या धक्क्याची नोंद आणि त्या धक्क्याने झालेली उघड, मोजता येणारी हानी, या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी मिळणे फार दुर्मीळ असते. म्हणूनच कोयना ही जगभरच्या गणितींची आणि अभियंत्यांची कसोटीची शिळा झाली. ‘अबॅकस’ या प्रसिद्ध संगणकप्रणालीच्या नमुना-उदाहरणांतही कोयनेचा छेद आहे.

प्राध्यापिका : त्या गणितांत काय गृहीत धरलेले असते, तेही सांगितले पाहिजे. पुष्कळ वेळा सारे धरण न घेता त्याचा एकच उभा छेद घेतला जातो; खालचा खडक पूर्णपणे ताठर मानला जातो; पाण्याचा परिणाम पाणी म्हणून न मोजता, वेस्टरगार्ड यांनी 1933 मध्ये सुचवलेल्या रीतीने, धरणाच्या पुढच्या अंगाला चिकटलेले जादा वस्तुमान म्हणून धरला जातो. या गृहीतकांत फेरफार करून, तडा जाण्याचे वेगवेगळे नियम वापरून, अनेक संशोधकांनी गणिते केली आणि उतार बदलतो तेथे तडा जातो हे बहुतेकांना मिळाले. याचा अर्थ ती सारी प्रतिरूपे खरी आहेत असा होत नाही. त्या कोपऱ्यावर ताण एकवटणार हे धरणाच्या आकारातच लिहिलेले आहे, तेव्हा बरीच चुकीची प्रतिरूपेही तडा तेथेच दाखवतील. एकाच निरीक्षणाशी परस्परांहून भिन्न अनेक प्रतिरूपे जुळतात, तेव्हा त्या निरीक्षणाने त्यांच्यात निवड होऊ शकत नाही. गणितात याला अनन्यतेचा अभाव म्हणतात, आणि डिजिटल ट्विनच्या संशोधनातील सर्वांत जुनाट दुखणे हेच आहे.

अभियंता : तरीही ते प्रतिरूप कोयनेचेच आहे.

प्राध्यापिका : ते 1967 च्या त्या पहाटेच्या कोयनेचे आहे. भूकंपानंतर तडे रेझिनने भरले गेले, ताणलेल्या तारांनी खंड बांधून घेतले गेले, आणि पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे भक्कम आधारस्तंभ उभारून उंच खंड बळकट केले गेले. कालांतराने सांडव्याचा भागही मजबूत करण्यात आला. जगभरच्या प्रबंधांत ज्या छेदाचे गणित केले जाते, त्या छेदाचे धरण आज अस्तित्वात नाही. जी वस्तू एका क्षणापाशी थांबवून ठेवली आहे तिचे प्रतिरूप उत्तम संशोधनसाधन असू शकते, विद्यार्थ्यांना शिकवायला त्याच्याइतके चांगले उदाहरण मिळणार नाही. पण आज धरणामागचा शिवसागर जलाशय भरलेला असताना धरणाची प्रकृती कशी आहे, याविषयी ते काहीही सांगू शकत नाही.

येथे प्राध्यापिकांच्या युक्तिवादाला निर्विवाद वजन आहे. नुसते प्रतिरूप आणि डिजिटल ट्विन यांच्यातील खरी सीमारेषा या उदाहरणातून जितकी ठळकपणे दिसते, तितकी ती कोणत्याही वर्गवारीच्या तक्त्यातून दिसत नाही. वस्तूबरोबर म्हातारे होत जाणे, तिच्यावर झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची आणि प्रत्येक आघाताची खूण स्वतःत उमटवून घेणे, हे ट्विनचे लक्षण आहे. बारकाई किंवा चित्रमयता हे त्याचे लक्षण नाही.

अभियंता : मग तसा ट्विन तयार करण्यासाठी लागणारी सामग्री काही प्रमाणात आधीच उपलब्ध आहे, हेही मान्य करावे लागेल. मोठ्या काँक्रीट धरणांच्या गॅलरीत ओळंबे लावलेले असतात आणि त्यांवरून धरणाचा माथा किती मिलिमीटर सरकला ते कळते. पायाखाली झिरपणाऱ्या पाण्याचा वर ढकलणारा दाब मोजायला पिझोमीटर असतात. गळती व्ही आकाराच्या खाचेवर, म्हणजे व्ही-नॉचवर, मोजली जाते. काँक्रीटच्या पोटात तापमापक पुरलेले असतात. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने तर उपकरणे बसवणे, त्यांची वाचने नियमित ठेवणे आणि धरणांची सर्वंकष सुरक्षा-तपासणी करणे हे धरणाच्या मालकावर बंधनकारक केले आहे. ही वाचने वर्षानुवर्षे नोंदवहीत पडून राहतात. ती प्रतिरूपाला पुरवली आणि रुडॉल्फ काल्मन यांनी 1960 मध्ये मांडलेल्या गाळणीसारख्या पद्धतीने प्रत्येक नव्या वाचनानिशी प्रतिरूप दुरुस्त करत नेले, तर ट्विन उभा राहतो. हवामानाचा अंदाज वर्तवणारे हेच रोज करतात.

प्राध्यापिका : हवामानशास्त्रज्ञांना आपला अंदाज चुकला की बरोबर आला हे दुसऱ्या दिवशी कळते, आणि त्यांची पद्धत अशा हजारो चुकांवर तासली गेली आहे. धरणाच्या बाबतीत ज्या अंदाजाची खरी गरज आहे, तो सबंध आयुष्यात एकदा कसोटीला लागतो किंवा कधीच लागत नाही. पण तूर्त ओळंब्याकडेच पाहू, कारण रोजच्या साध्या वाचनातही किती अडचण दडलेली असते ते त्यावरून समजेल.

ओळंब्याच्या वाचनाचे विश्लेषण करण्यासाठी फ्रान्समध्ये विकसित झालेली एक संख्याशास्त्रीय रीत जगभर वापरली जाते. तिच्यात धरणाच्या सरकण्याचे तीन वाटे केले जातात : पहिला जलाशयाच्या पातळीमुळे होणारा, दुसरा ऋतूनुसार काँक्रीट तापल्यामुळे आणि निवल्यामुळे होणारा, आणि तिसरा काळाबरोबर हळूहळू वाढत जाणारा आणि परत न फिरणारा. सुरक्षिततेच्या दृष्टीने कळीचा वाटा तिसरा, कारण काँक्रीटची झीज, पायाचे बसणे किंवा एखाद्या जुन्या तड्याचे पुन्हा उघडणे यांची चाहूल त्यात लागते. सह्याद्रीतील जलाशय मात्र जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भरतो आणि नंतर मेअखेरपर्यंत रिकामा होत जातो, म्हणजे पाण्याची पातळीही ऋतूबरोबरच फिरते. पाण्याचा आणि तापमानाचा परिणाम एकाच वार्षिक लयीत होत असल्याने, सरकण्यातला कोणता मिलिमीटर कोणाच्या खात्यावर टाकायचा हे वाचनांवरून नीट ठरत नाही. आणि पहिल्या दोन वाट्यांतील घोळ तिसऱ्यात झिरपतो. एखाद्या वर्षी पाऊस कमी पडून जलाशय अर्धवट भरला, की ही लय मोडते आणि त्या वर्षाच्या वाचनांतून दहा सामान्य वर्षांपेक्षा अधिक शिकायला मिळते. शेतकऱ्याला नकोसे असणारे वर्ष धरणाच्या गणितीला हवे असते, हे या विषयाचे एक विलक्षण वास्तव आहे.

अभियंता : ही अडचण खरी आहे, पण कोयनेच्या परिसरात निसर्गाने एक जादा सोय करून ठेवली आहे. कोयना–वारणा भागात लहानमोठे भूकंप 1967 नंतरही थांबलेले नाहीत, आणि त्यांच्या अभ्यासासाठी कराड येथे स्वतंत्र प्रयोगशाळा उभारण्यात आली आहे आणि या भागात जमिनीत खोल छिद्रही घेण्यात आले आहे. प्रत्येक लहान धक्क्याला धरण आपल्या स्वाभाविक गतीने थरथरते. जुन्या छेदाच्या गणितात ही गती सेकंदाला सुमारे 3 आवर्तने इतकी येते. जलाशय भरला की ती थोडी मंदावते, रिकामा झाला की वाढते. आणि पाण्याची पातळी तीच असताना ती मंदावली, तर धरणाचा ताठरपणा कमी झाला असा संशय घेता येतो. धरणाला वर्षातून कितीतरी वेळा कोणी हलकेच ठोकून पाहावे, तशी ही व्यवस्था आहे. तिचा उपयोग करून घेणारा ट्विन उभारायला आणखी कशाची वाट पाहायची?

प्राध्यापिका : हलक्या ठोक्याला मिळणारा प्रतिसाद धरण शाबूत असतानाचा असतो. लहान धक्क्यात तडे मिटलेले राहतात, जोड एकमेकांना घट्ट धरून असतात, आणि जोर दुप्पट झाला तर हालचालही दुप्पट होते. मोठ्या धक्क्यात हे नाते तुटते. जोड उघडमीट करू लागतात, काँक्रीट ताणाखाली फाटते, पाणी तड्यात शिरते. लहान धक्क्यांवर कितीही काळ पोसलेल्या ट्विनला या वर्तनाचा अनुभव शून्य असतो, आणि तरीही तो पडद्यावर तितक्याच ठामपणे आकडा दाखवतो. तेव्हा संशोधनाचे आव्हान केवळ अधिक मोजमापे मिळवण्याचे नाही. कोणत्या प्रश्नाचे उत्तर मोजमापांतून येते आहे आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर केवळ आधी धरलेल्या समीकरणांतून येते आहे, हे ट्विनने वेगवेगळे करून दाखवावे यासाठी लागणारे गणित विकसित करण्याचे आहे.

अभियंता : मॅडम, धरणाच्या कामात अनिश्चितता नवी नाही. आजही निर्णय घेतले जातात, आणि ते याहून तुटपुंज्या माहितीवर घेतले जातात. ऑगस्टमध्ये जलाशय काठोकाठ भरत आला असताना पाणलोटात अतिवृष्टी सुरू होते, तेव्हा दरवाजे किती उचलायचे हे काही तासांत ठरवावे लागते. कमी उचलले तर धरणावर ताण, जास्त उचलले तर कराडला कोयनेचे पाणी कृष्णेला मिळून पुढे सांगलीत पूर. 2019 आणि 2021 मध्ये कृष्णाकाठाने काय भोगले ते सर्वांना ठाऊक आहे. तेथे अपूर्ण का होईना, पण अंदाज सांगणारी व्यवस्था नाकारणे म्हणजे अंदाजाशिवाय निर्णय घेणे होय. पूर्णत्वाची वाट पाहणाऱ्याला त्या निर्णयाची जबाबदारी घ्यावी लागत नाही.

हा आक्षेप तीव्र आहे आणि न्याय्यही आहे. शास्त्रीय साशंकतेची किंमत बहुधा दुसऱ्यालाच मोजावी लागते, याचा विसर विद्यापीठीय चर्चेत पुष्कळदा पडतो. शिवाय जलाशयाच्या संचालनाचा प्रश्न भूकंपाच्या प्रश्नाहून वेगळ्या जातीचा आहे. पाऊस दरवर्षी येतो, दरवाजे दरवर्षी उघडतात, त्यामुळे अंदाज आणि वस्तुस्थिती यांची गाठ पुन्हा पुन्हा पडते आणि ट्विनला शिकायला वाव मिळतो. अमेरिकी अकादमींच्या अहवालाने ‘हेतूला पुरेसा’ हा निकष पुढे ठेवला, तो याच कारणाने समंजस वाटतो. एकाच धरणाचा ट्विन पूरनियंत्रणासाठी विश्वासार्ह आणि भूकंपसुरक्षेसाठी अविश्वसनीय असू शकतो, आणि त्याला सरसकट ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ म्हणण्यात अर्थ नाही.

प्राध्यापिका : पूर हे उदाहरण घेतलेत ते बरे झाले, कारण दुहेरी प्रवाह तेथे गणिताला कसा अवघड करतो ते दिसते. ट्विनच्या अंदाजानुसार पाणी आधीच सोडले आणि पूर आला नाही, तर अंदाज चुकला होता की त्याच्यावर वेळीच कृती झाली म्हणून पूर टळला, हे नोंदींतून कसे कळणार? ज्या प्रतिरूपाच्या सल्ल्याने वास्तव बदलते, त्या प्रतिरूपाची परीक्षा त्याच बदललेल्या वास्तवावर घेता येत नाही. कृती झाली नसती तर काय झाले असते, याचाही अंदाज करावा लागतो, आणि तो करायला पुन्हा प्रतिरूपच लागते. या वर्तुळातून बाहेर पडण्यासाठी कार्यकारणभावाचे संख्याशास्त्र नुकतेच कुठे या क्षेत्राच्या दाराशी आले आहे.

अभियंता : वेळेचा प्रश्नही सोबत घ्यावा. सबंध धरण, खालचा खडक आणि जलाशय असे तिन्ही मिळून बारकाईने गणित करायचे, तर एका भूकंपाच्या काही सेकंदांसाठी संगणकाला कित्येक तास लागू शकतात. आणि अनिश्चितता मोजायची तर तेच गणित वेगवेगळ्या आकड्यांनिशी हजारो वेळा करावे लागते. म्हणून मूळ प्रतिरूपाची नक्कल करणारे, पण क्षणात उत्तर देणारे संक्षिप्त प्रतिरूप वापरले जाते. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ट्विन शक्य होतो तो या संक्षेपामुळे.

प्राध्यापिका : आणि त्या संक्षेपाची चूक मूळ प्रतिरूपाच्या चुकीवर चढते, हेही नोंदवले पाहिजे. संक्षिप्त प्रतिरूप ज्या परिस्थितींवर तयार केले, त्यांच्या पलीकडची परिस्थिती आली की ते भरकटते, पण आपण भरकटलो हे त्याला कळत नाही. पडताळणी आणि यथार्थता-तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : समीकरणे संगणकाने बरोबर सोडवली का, ही पडताळणी, आणि ती समीकरणे त्या धरणाला लागू पडतात का, ही यथार्थता-तपासणी. साध्या प्रतिरूपाच्या बाबतीत या दोन्ही एकदा करून प्रमाणपत्र देता येते. ट्विन मात्र रोज बदलतो. कालचे प्रमाणपत्र आजच्या ट्विनला कसे चालावे? सतत बदलणाऱ्या प्रतिरूपाची सतत तपासणी कशी करावी याची सर्वमान्य रीत अजून नाही.

उपकरणांच्या आयुष्याचा मुद्दा संवादात ओघाने आला आणि त्यावर दोघांचे दुमत नव्हते. धरण शतकभर टिकावे अशी अपेक्षा असते, काँक्रीटमध्ये पुरलेले संवेदक त्याच्या तुलनेत लवकर निकामी होतात आणि खोलवर पुरलेले पुन्हा बदलताही येत नाहीत, तर संगणकप्रणाली त्याहूनही आधी कालबाह्य होतात. त्यामुळे तीन वेगवेगळ्या आयुर्मर्यादांच्या गोष्टी एका ट्विनमध्ये बांधून ठेवायच्या, तर माहितीचे स्वरूप कोणत्याही एका कंपनीच्या प्रणालीवर अवलंबून नसणे आवश्यक ठरते. कारखान्यांसाठी आयएसओ 23247 हे मानक 2021 मध्ये आले आहे; नदीखोरे आणि धरण यांसारख्या, अनेक खात्यांत आणि राज्यांत विभागलेल्या व्यवस्थांना तितकी साधी चौकट पुरणार नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वीजगृहांकडे जाते आणि पूर्वेकडे कृष्णेतून पुढे कर्नाटकातील आलमट्टीपर्यंत पोहोचते, म्हणजे त्याच्या एका ट्विनला वीज, सिंचन, पूर आणि आंतरराज्य पाणीवाटप या चारही हितसंबंधांची माहिती एकमेकांसमोर उघडी करावी लागेल. हे आव्हान तांत्रिक कमी आणि प्रशासकीय अधिक आहे.

दुमत उफाळले ते एका वेगळ्याच जागी, आणि या साऱ्या चर्चेतील सर्वांत गंभीर मुद्दा बहुधा तोच असावा.

अभियंता : समजा, एका खंडाचा ओळंबा अपेक्षेपेक्षा 2 मिलिमीटर जास्त सरकलेला दिसला. ट्विन आपल्या रीतीने काँक्रीटचा ताठरपणा किंचित कमी करून घेईल आणि पुढच्या वाचनाशी नीट जुळेल. स्वतःला दुरुस्त करण्याची ही क्षमता हाच तर त्याचा गुण आहे.

प्राध्यापिका : गुणही तोच आणि धोकाही तोच. 2 मिलिमीटरचे कारण ओळंब्याची तार अडकणे हे असेल, तर ट्विनने बिघडलेल्या उपकरणापायी निरोगी धरणाला आजारी ठरवले. कारण जुना तडा उघडणे हे असेल, तर ट्विनने धोक्याचे लक्षण पोटात घातले आणि अंदाज व वाचन यांतील फरक पुन्हा शून्यावर आणून ठेवला. धोक्याची घंटा त्या फरकावरच वाजायची असेल, तर ती वाजणारच नाही. प्रत्येक वेळी जुळवून घेणारा ट्विन दर वर्षी थोडा थोडा चुकीचा होत जाईल आणि त्याचा आलेख मात्र उत्तरोत्तर सुबक दिसेल.

अभियंता : त्यावर उपाय करता येईल. ट्विनच्या दोन प्रती ठेवाव्यात : एक रोज दुरुस्त होणारी, दुसरी एका निश्चित दिवशी गोठवून ठेवलेली. दोघींमधील अंतर वाढत गेले की माणसाने जाऊन पाहावे. ताठरपणासारखे आकडे किती बदलू द्यायचे यालाही मर्यादा घालता येतील.

प्राध्यापिका : गोठवण्याचा दिवस कोणता धरायचा? भूकंपानंतरच्या बळकटीकरणाचा, की उपकरणे बसवल्याचा? जो दिवस निवडाल त्या दिवशी धरण निरोगी होते, हे गृहीत धरावे लागेल. आणि मर्यादा ठरवायच्या तर निरोगी धरण किती बदलू शकते हे माहीत असावे लागेल, जे जाणून घेण्यासाठीच ट्विन बांधायला निघालो आहोत. उपाय टाकाऊ नाही. पण त्याचे गणित पूर्ण झालेले नाही, एवढेच म्हणायचे आहे.

अभियंता : गणित पूर्ण होईपर्यंत पावसाळे थांबत नाहीत. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी होतेच. ट्विन आजपासून चालवावा, त्याचा सल्ला तपासणी करणाऱ्यांपुढे ठेवावा, निर्णय त्यांच्याकडेच राहू द्यावा.

प्राध्यापिका : ते मान्य, पण एका अटीवर. त्या तपासणीच्या अहवालात एक रकाना असा असावा की, गेल्या हंगामात ट्विनने काय वर्तवले होते आणि प्रत्यक्षात काय झाले. आणि तो रकाना ज्यांनी ट्विन बांधला त्यांनी भरू नये.

अभियंता : तो भरायला लागणारी माणसे कोणत्या विभागाकडे आहेत, मॅडम? ओळंब्याचे वाचन घेण्यासाठी गॅलरीत रोज उतरायलाच जेथे मनुष्यबळ अपुरे पडते, तेथे हे वाचन घेणारा, ट्विन चालवणारा आणि त्याच्या चुका नोंदवणारा अशी तीन वेगळी माणसे कोठून आणायची?

प्राध्यापिका : मग खर्चाचा पहिला आकडा त्या माणसांसाठी मांडा, साहेब, आणि पडद्याचा नंतर.